अग्निशमन दलासाठी निधी उभारायचा आहे? आधी केंद्रात जा, वर्गणी नंतर

चार वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सहा सोसायट्यांनी मिळून जवळच्या अग्निशमन केंद्राला चाळीस जोड हातमोजे दिले. शेजारच्या इमारतीत रात्री आग लागली होती. धुराने भरलेल्या जिन्यातून जवानांनी एका आजींना अकराव्या मजल्यावरून खाली आणलं, ते आम्ही सगळ्यांनी खाली उभं राहून पाहिलं होतं. आठवड्यात पैसे जमले. दुकानदार म्हणाला, "फायरचेच आहेत." आम्ही घेतले, फुलं दिली, फोटो काढले.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी केंद्रात गेलो, तर मोजे प्लास्टिकच्या पिशव्यांसकट कपाटात होते. केंद्र अधिकारी संकोचून म्हणाले, "काका, हे वेल्डिंगचे आहेत. ओले झाले की आत वाफ कोंडते आणि हात भाजतो. पोरांना मी घालू देत नाही. तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलेत, म्हणून तेव्हा बोललो नाही."

लोकांनी मनापासून दिलेले पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. श्वसन संच दिले, प्रशिक्षण घडवलं, आणि दर वेळी काहीतरी नवीन शिकलो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणाला असं काम हाती घ्यायचं असेल, तर त्यांना ही वाट सुरुवातीपासून माहीत असावी म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आपण काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही

अग्निशमन सेवा ही पालिकेची जबाबदारी आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत, पालिकांच्या कामांच्या यादीत तिचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतींच्या मंजुरीच्या वेळी अग्निशमनाचं शुल्क वसूल होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. म्हणजे बंब, उंच शिडीची गाडी, केंद्राची इमारत, जवानांचे पगार हे सगळं करदात्यांच्या पैशातून व्हायला हवं. त्यासाठी वर्गणी काढू नका. ते होत नसेल तर अर्थसंकल्पाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, लेखी मागणी करा आणि नगरसेवकाच्या मागे लागा.

मग वर्गणी कशासाठी? मोठ्या खरेदीच्या फटीत जे अडकून राहतं त्यासाठी. संच आहे, पण जादा सिलिंडर नाही. फायर सूट एकच आहे, तो धुतला की दुसरा नाही. कटर आहे, पण त्याच्या पात्यांना धार लावायला वेळेवर पैसे सुटत नाहीत. यंत्र आहे, पण ते सफाईने चालवणारे दोघेच, आणि दोघे एकाच पाळीत. अशा ठिकाणी नागरिकांचे दोन-तीन लाखसुद्धा खरा फरक पाडतात.

केंद्र कोणाचं आहे ते ओळखा

ठाणे शहरात हे सोपं आहे. जवाहरबाग, बाळकुम, मुंब्रा आणि बाकीची केंद्रं ठाणे महापालिकेची. नवी मुंबईत मात्र अनेकांचा गोंधळ होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली इथली केंद्रं नवी मुंबई महापालिकेची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा. आणि खाडीपलीकडच्या नव्या वसाहतींत सिडकोने उभारलेली केंद्रं. मोठी आग लागली की सगळ्यांचेच बंब एकत्र येतात, त्यामुळे लोकांना सगळे एकच वाटतात. पण देणगी स्वीकारण्याचा अधिकार, साठ्याची नोंद, दुरुस्तीचा खर्च हे प्रत्येकाचं वेगळं असतं. केंद्राच्या दारावर आणि गाडीवर कोणाचं नाव लिहिलंय ते वाचा, आणि पत्रव्यवहार त्याच मालकाशी करा.

पहिली भेट

सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. ड्रिल आणि गाड्यांची तपासणी तोवर आटोपलेली असते. दोघं किंवा तिघंच जा. पंधरा जणांचं शिष्टमंडळ गेलं की अधिकारी औपचारिक बोलतात आणि खरी अडचण बाहेर येत नाही. बोलता बोलता वर्दी, म्हणजे आगीची किंवा अपघाताची खबर, आली तर गुपचूप बाजूला व्हा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. आमची पहिली भेट तीन वेळा अशी अर्धी राहिली: एकदा गायमुख घाटात टँकर उलटला होता, एकदा रस्त्यावर ऑइल सांडून दुचाक्या घसरत होत्या, आणि एकदा मांजात अडकलेली घार होती. त्या तीन दिवसांत या लोकांना काय काय करावं लागतं ते मला समजलं, आणि यादी नुसती आगीपुरती राहिली नाही.

"तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. उत्तर येतं, "सगळं आहे साहेब, पालिका देते." वरिष्ठांच्या मागे तक्रार केल्यासारखं होऊ नये म्हणून ते असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. गेल्या पावसाळ्यात कोणत्या वर्दीला सगळ्यात जास्त वेळ लागला? एका पाळीत किती जण असतात आणि त्यातल्या किती जणांना एकाच वेळी श्वसन संच घालता येतो? सिलिंडर रिकामा झाला की भरायला कुठे पाठवता, परत यायला किती वेळ लागतो? भिजलेला सूट वाळेपर्यंत काय घालता? शेवटचं दोरखंडाचं प्रशिक्षण कधी झालं? ही उत्तरं लिहून घेतली की यादी आपोआप तयार होते. जवानांशीही बोला, फक्त साहेबांशी नाही. आमच्या केंद्रातल्या एका यंत्रचालकाने सांगितलेली गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती: रात्री गल्लीत गाडी मागे घेताना उजेड पुरत नाही.

श्वसन संचाचं गणित समजून घ्या

सगळ्या सामानात मी याच्यावर जास्त लिहितो आहे, कारण आगीत माणूस बहुतेकदा ज्वाळेने नाही, धुराने जातो, आणि जवानही त्याच धुरात शिरतो. केंद्रात याला बीए सेट म्हणतात: पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, मधे दाब कमी करणारं यंत्र.

हलका कंपोझिट सिलिंडर साधारण ६.८ लिटरचा असतो आणि ३०० बार दाबाने भरतात. म्हणजे सुमारे २,०४० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५० मिनिटं. पण दाब साधारण ५५ बारपर्यंत उतरला की शिट्टी वाजू लागते, आणि ती उरलेली हवा बाहेर पडण्यासाठी राखीव असते. राहिली ४० मिनिटं. आता माणूस बारा मजले चढला आहे, अंगावर सूट आणि हातात नळी आहे. तो मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो. मग हातात उरतात २७-२८ मिनिटं, आणि त्यातच चढणं, शोधणं आणि परत येणं. घोडबंदरच्या तीस-चाळीस मजली इमारतींकडे पाहून हे गणित एकदा करा. पूर्ण संचापेक्षा जादा भरलेले सिलिंडर जास्त उपयोगी का ठरू शकतात, ते लगेच कळेल.

घेताना एक गोष्ट कदापि विसरू नका. भारतात दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरला पेसो या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशातून कोणी नातेवाईक स्वस्तात सिलिंडर पाठवतो म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा, कारण मान्यता नसलेला सिलिंडर इथे कायदेशीरपणे भरून मिळत नाही. शिवाय ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाची चाचणी, म्हणजे हायड्रोटेस्ट, करावी लागते. आणि मास्क-सिलिंडर एकाच बनावटीचे नसतील तर ते एकमेकांना बसतीलच असं नाही, म्हणून केंद्रात आधीपासून आहे त्याच बनावटीचा माल घ्या, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल.

सूट, मोजे, बूट, नळ्या

इथे मानकाचा आकडा हेच तुमचं शस्त्र. ईएन म्हणजे युरोपीय मानक. फायर सूटसाठी ईएन ४६९, मोज्यांसाठी ईएन ६५९, बुटांसाठी ईएन १५०९०, हेल्मेटसाठी ईएन ४४३. हे आकडे कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर असतात. दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका, पट्टी पाहा आणि चाचणीचा दाखला मागा. आमचे चाळीस जोड मोजे या एका तपासणीत वाचले असते. पाण्याच्या नळीसाठी आयएस ६३६ हे भारतीय मानक आहे. नेहमीची नळी ६३ मिलिमीटरची असते.

सूट आणि बूट मापाने घ्या. सगळे लार्ज घेऊन चालत नाही. ढगळ सूट जिन्यात अडकतो, आणि घट्ट सूटमध्ये उष्णता अडवणारा हवेचा थर राहत नाही. केंद्रात जाऊन प्रत्येकाचं माप लिहा. महिला कर्मचारी असतील तर त्यांचं माप वेगळं घ्या, पुरुषांचं स्मॉल त्यांना बसत नाही. आणि उत्पादनाची तारीख पाहा. अमेरिकेच्या एनएफपीए मानकानुसार सूट बनल्यापासून दहा वर्षांनी वापरातून काढायचा असतो, त्यामुळे गोदामात तीन वर्षं पडून राहिलेला सूट सवलतीत मिळाला तरी तो महागच.

दुसरा सूट ही चैन आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम पहिल्या गटातलं, म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारं काम म्हणून नोंदवलं. काजळीतली रसायनं सूटच्या कापडात राहतात, कातडीतून शरीरात जातात, आणि जवान तोच सूट घालून पुन्हा गाडीत बसतो. तळोजा आणि पावण्याच्या रासायनिक कारखान्यांची आग विझवून आलेला सूट नुसता उन्हात टाकून भागत नाही. धुणं हवं, आणि धुतलेला वाळेपर्यंत दुसरा हवा. डोकं-मान झाकणारी टोपी, जिला फ्लॅश हूड म्हणतात, ती तुलनेने स्वस्त असते. प्रत्येकाला दोन देणं हे लहान सोसायटीलाही झेपतं.

लेखी होकार आधी, पैसे नंतर

यादी ठरली की मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना पत्र द्या, प्रत आयुक्तांना. एमआयडीसी किंवा सिडको असेल तर त्यांच्या संबंधित अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. आमच्या पत्राचा सांगाडा असा होता:

"महोदय, आम्ही खालील सही करणारे रहिवासी … अग्निशमन केंद्रासाठी लोकवर्गणीतून पुढील साहित्य देऊ इच्छितो. केंद्र अधिकाऱ्यांशी चर्चा करून यादी व मापे सोबत जोडली आहेत. कृपया कळवावे: १) हे साहित्य आपण स्वीकारू शकता का, २) त्याची तांत्रिक मानके कोणती असावीत, ३) त्याची नोंद, विमा, तपासणी व दुरुस्ती आपल्या विभागामार्फत होईल का, ४) ते याच केंद्रात राहील का. आमची कोणतीही अट किंवा जाहिरातीची अपेक्षा नाही."

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. दिलेल्या वस्तूची नोंद जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, झाली नाही तर तिच्या दुरुस्तीसाठी पालिकेला खर्च टाकता येत नाही, आणि दोन वर्षांत ती अडगळीत जाते. होकार यायला आम्हाला सव्वादोन महिने लागले. त्या काळात लोक विचारत राहतात, "काय झालं?" तरीही पत्र हातात येईपर्यंत एक रुपयासुद्धा घेऊ नका.

आणि हे पत्र देणाऱ्यांमध्ये कोणी असा असेल ज्याच्या इमारतीचा ना-हरकत दाखला किंवा तपासणी दलाकडे प्रलंबित आहे, तर त्याला समितीत घेऊ नका. देणगी आणि दाखला यांचा वाराही एकमेकांना लागता कामा नये.

पैसे कोणाच्या नावावर गोळा करायचे

नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या गटाने धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं दर वर्षी घेतात तीच ही परवानगी, त्यामुळे तुमच्या मंडळाच्या खजिनदाराला कागदपत्रं तोंडपाठ असतील. ठाणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. कार्यालय त्याप्रमाणे बदलतं.

दुसरा आणि मला जास्त पसंत असलेला मार्ग म्हणजे आधीच नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेबरोबर काम करणं. तुमच्या भागातलं एखादं वाचनालय, ज्येष्ठ नागरिकांचा न्यास, सेवाभावी क्लबचा ट्रस्ट. त्यांच्या घटनेत असं काम बसतं का ते आधी पाहा, आणि विश्वस्तांचा ठराव घ्या. या प्रकल्पासाठी बँकेत वेगळं खातं किंवा किमान वेगळी खतावणी ठेवायला सांगा. दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत.

करसवलतीचं वचन देण्याआधी संस्थेकडे ८०-जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता चालू आहे का ते तपासा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, वस्तुरूप देणगीला नाही, आणि नवी कररचना निवडलेल्या देणगीदाराला तिचा लाभ मिळत नाही. संस्थेने वर्षअखेरीनंतर देणगीदारांची माहिती आयकर विभागाला ऑनलाइन कळवायची असते. ती कळवली नाही तर पावती हातात असूनही सवलत अडकते. म्हणून पहिल्या दिवसापासून नाव, पॅन आणि पत्ता लिहून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत; पावतीवरचा मजकूर सीएकडून तपासून घ्या.

आपल्याकडे प्रत्येक मजल्यावर कोणाचं तरी मूल परदेशात आहे, आणि त्यांना द्यायचं असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्या हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी त्याची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते, आणि त्या कायद्याची नोंदणी नसलेल्या संस्थेला असे पैसे घेता येत नाहीत. क्यूआर कोड कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी ही ओळ खाली लिहा.

मागायचं कसं

आकडा आधी ठरवा. समजा सहा सोसायट्यांत मिळून ६०० कुटुंबं आहेत. निम्मी देतील असं धरा, त्याहून जास्त धरू नका. सरासरी ५०० रुपये म्हणजे दीड लाख. यात जे बसतं तेवढंच जाहीर करा. "अग्निशमन दलाला मदत" या शब्दांवर पैसे येत नाहीत. "प्रत्येक जवानाला दोन फ्लॅश हूड, एकूण इतके जवान, एका हूडची किंमत इतकी" यावर येतात. एका घराला एक हूड हे मनात बसतं.

लिफ्टजवळ कागद लावून आणि ग्रुपवर संदेश टाकून पहिले पंधरा टक्के येतात. बाकीचे दारावर जाऊन. रविवारी सकाळी दोघं-दोघं, हातात पावतीपुस्तक आणि पालिकेच्या पत्राची प्रत. कोणी नाही म्हटलं तर आभार मानून पुढे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पैशातून परस्पर देणगी देऊ नका, ते पैसे सगळ्या सभासदांचे आहेत आणि त्यावरून वर्षभर भांडण चालतं. ज्याला द्यायचे त्याने स्वतःच्या खात्यातून द्यावेत. दुकानदार, रिक्षा स्टँड, भाजी मंडई यांनाही विचारा. आमच्याकडे इस्त्रीवाल्याने शंभर रुपये दिले आणि सांगितलं की गावाकडे त्याचं घर जळालं होतं तेव्हा बंब पोचायला दीड तास लागला होता.

मराठी माणसाकडून पैसे काढायचा जुना आणि सन्मानाचा मार्ग म्हणजे नाटक. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह घेऊन एखाद्या चालू नाटकाचा कॉन्ट्रॅक्ट शो करायचा आणि तिकिटं आपण विकायची. पण नीट हिशेब करा. नाटकाची रक्कम, नाट्यगृहाचं भाडं, तिकिटांची छपाई वजा जाता काही उरण्यासाठी साधारण दोन तृतीयांश तिकिटं प्रयोगाच्या आठ दिवस आधी गेलेली असली पाहिजेत. तेवढा जनसंपर्क नसेल तर या वाटेला जाऊ नका. दारोदार फिरणं कमी दिमाखदार आहे पण त्यात तोटा होत नाही. कमिशन घेऊन निधी गोळा करून देणारे फोन करतात, त्यांना स्पष्ट नकार द्या. गोळा झालेल्यातला प्रत्येक रुपया केंद्रात गेला असं म्हणता आलं पाहिजे.

वेळ कोणती निवडावी? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. मोहिमेचा शेवट या आठवड्यात ठेवला तर लोकांच्या लक्षात राहतो. मात्र १४ तारखेलाच बाबासाहेबांची जयंती असते, शहरभर मिरवणुका आणि त्यासाठी दलाचा बंदोबस्त असतो. आपला कार्यक्रम १६-१७ ला ठेवा. दिवाळीत आणि होळीत तर त्यांना सत्काराला बोलावूच नका. त्या रात्री त्यांच्यासाठी वर्षातल्या सगळ्यात कठीण असतात.

कंपन्यांकडे जाताना

वागळे इस्टेट, ऐरोलीची आयटी पार्कं, रबाळे-महापे-तुर्भ्याचे कारखाने: ठाण्या-नवी मुंबईइतकी सोय फार थोड्या शहरांना आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक पातळी गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, यालाच सीएसआर म्हणतात. सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन येतं, आणि अर्जात नेमका तोच शब्द वापरा.

तुमच्या संस्थेला हे पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. नसेल तर सोपा मार्ग आहे: कंपनीनेच थेट खरेदी करून पालिकेला द्यावं, कारण सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर राहू शकते. तुम्ही फक्त यादी, मापं आणि पालिकेचं पत्र पुरवा. कंपन्यांचा वार्षिक आराखडा मार्च-एप्रिलच्या सुमारास ठरतो, तेव्हा जानेवारीत भेटा. मोठा आकडा असलेल्या वस्तू, म्हणजे थर्मल कॅमेरा किंवा हायड्रॉलिक कटर-स्प्रेडर, यांच्याकडे सोपवा आणि हूड-मोजे-बूट लोकवर्गणीकडे ठेवा. दोन्हींची सरमिसळ केली की रहिवाशांना वाटतं, कंपनी देते आहे तर आपण कशाला?

खरेदी

तीन दरपत्रकं, जीएसटी धरून. दरपत्रकात मानक, उत्पादनाची तारीख, हमी, सुट्या भागांची उपलब्धता आणि वर्षाच्या देखभालीचा दर वेगवेगळा लिहिलेला हवा. नमुना केंद्रात नेऊन जवानांना घालून पाहू द्या, त्यांना ड्रिल करू द्या, आणि त्यांचा शेरा केंद्र अधिकाऱ्यांच्या सहीने घ्या. आगाऊ रक्कम निम्म्याहून कमी ठेवा, उरलेली माल तपासल्यावर द्या. जमलेल्या रकमेतले दहा टक्के खर्च न करता पहिल्या वर्षाच्या भरणीसाठी आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, आणि हे वर्गणी मागतानाच सांगा.

प्रशिक्षणासाठी पैसे

हे समजावणं अवघड जातं, कारण प्रशिक्षणाचा फोटो निघत नाही. पण माझं मत असं झालं आहे की दुसऱ्या वर्षापासून निम्मा पैसा इकडे वळवावा. मूळ शिक्षण जवानाला मिळतंच: राज्याच्या सांताक्रूझच्या प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, आणि अधिकाऱ्यांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ पासूनचं आहे. कमी पडते ती नंतरची उजळणी. धुराच्या अंधारात संच घालून रांगणं, मॅनहोल किंवा टाकीत उतरणं, उंचावरून दोराने सुटका, रासायनिक गळती. ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी शेवटचं अत्यावश्यक, घोडबंदरसाठी दोर आणि उंची.

पाच जण नागपूरला पाठवले तर त्यांची पाळी कोण करणार, हा पहिला अडसर. म्हणून प्रशिक्षकालाच केंद्रात आणा आणि तोच वर्ग प्रत्येक पाळीला वेगळा द्या, म्हणजे कोणी सुटत नाही. खर्च मोजताना प्रशिक्षकाचं मानधन, सरावात संपणारी हवा, दोरखंड, सर्वांचा चहा-नाश्ता धरा. जागा म्हणून पुनर्विकासासाठी रिकामी झालेली इमारत उत्तम. विकासकाची आणि पालिकेची लेखी परवानगी घेतली तर पाडण्याआधीचे आठ दिवस तिथे जिन्याचा, दरवाजा फोडण्याचा आणि अंधारात शोधण्याचा सराव होतो. आम्हाला अशी चार मजली इमारत पाच दिवसांसाठी मिळाली. त्यातून जवानांना जे मिळालं ते आम्ही दिलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोठं होतं, असं त्यांनीच सांगितलं.

सुपूर्द केल्यानंतर

सोहळा अर्ध्या तासाचा, केंद्राच्या आवारात. वस्तूंवर देणगीदारांची नावं रंगवू नका. सूटवर चिकटवलेली नावाची पट्टी उष्णतेत वितळते. पोच घ्या, जडवस्तू नोंदवहीतल्या पानाचा क्रमांक विचारा. पंधरा दिवसांत सगळा जमाखर्च एका कागदावर, बिलांसह, प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावा: जमा किती, कोणाला किती दिले, शिल्लक किती. कलम ४१-क खाली परवानगी घेतली असेल तर हिशेब धर्मादाय कार्यालयातही द्यावा लागतो.

सहा महिन्यांनी परत जा. पाहणी करायला आलो असं वाटू न देता विचारा की काय वापरात आहे, काय नाही, काय फाटलं. हायड्रोटेस्टच्या तारखा घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. या जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा केंद्र अधिकाऱ्यांनी स्वतःहून वही पुढे केली. त्यात पहिलं नाव सूट धुण्याच्या मोठ्या यंत्राचं होतं. ते बसवायला मागच्या शेडमध्ये जागा, निचरा आणि थ्री-फेज वीज आहे का, ते पाहायला येत्या मंगळवारी आमच्यातले दोघे इलेक्ट्रिशियनला घेऊन जाणार आहेत.